लिव्हरला रविवार कळत नाही

आमच्या सोसायटीत पूर्वी ग्रेड मुलांची विचारायचे, आता बापांची विचारतात. कंपन्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीचे लिफाफे घरोघरी आले की आठवडाभर लिफ्टमध्ये हाच विषय. एक जण आवाज उतरवून सांगतो, "सोनोग्राफीत ग्रेड वन निघालं." त्यावर दुसरा, "वन ना? मग काय! माझं टू आहे." या 'मग काय'मध्ये धीर किती आणि तोरा किती, हे ओळखायला पुण्यात निदान दोन पिढ्या काढाव्या लागतात.

फॅटी लिव्हर हा तसा अत्यंत सभ्य आजार. दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही, त्यामुळे रजाही मिळवून देत नाही. पुष्कळांना तो मुतखडा शोधताना सापडतो. उजव्या बरगड्यांखाली सव्वा-दीड किलोचं लिव्हर निमूट काम करत असतं. त्यातली चरबी पाच टक्क्यांच्या वर गेली की ते फॅटी. डॉक्टर पोटावर थंडगार जेल लावतात आणि पडद्यावर लिव्हर शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा किती उजळ दिसतंय ते बघतात. लग्नाच्या जाहिरातींवर पोसलेल्या आपल्या समाजाला उजळ दिसणं हा दोष आहे असं ऐकायची ही एकमेव संधी. शिवाय चरबी वीस-तीस टक्क्यांपर्यंत पोचेतो साध्या सोनोग्राफीला ती धड दिसतही नाही. तेव्हा 'आपलं नॉर्मल आलं बुवा' म्हणत त्याच संध्याकाळी पावभाजीला जाणाऱ्यांनी एक पाव कमी मागवावा.

एम्समधल्या डॉक्टरांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून २०२२ साली जो आकडा काढला, त्यानुसार भारतातल्या प्रौढांत हे प्रमाण ३८.६ टक्के आहे. दहातले जवळजवळ चार. आमच्या सर्वसाधारण सभेला इतका कोरम उभ्या जन्मात जमलेला नाही.

२०२३पर्यंत या आजाराच्या अधिकृत नावात 'नॉन-अल्कोहोलिक' असा शब्द होता आणि समोरच्या काकांना त्याचा फार मोठा आधार होता. डॉक्टरांचा कागद त्यांनी घरी नेऊन त्या शब्दाखाली पेनाने रेघ मारून काकूंपुढे ठेवला होता. लग्न झाल्यापासून ऑफिसच्या पार्ट्यांबद्दल चाललेल्या वादाचा निकाल अखेर एका सोनोग्राफीने लागला. पुढे जगभरच्या यकृततज्ज्ञांनी मिळून ते नाव बदललं आणि 'मेटाबॉलिक डिसफंक्शन-असोसिएटेड' असं लांबलचक प्रकरण सुरुवातीला जोडलं. ठपका आता सरळ पोटावर, साखरेवर आणि बसून राहण्यावर. काका अजून जुनंच नाव वापरतात.

लठ्ठ कोणाला म्हणायचं यावरही आपल्याकडे एकमत नाही. 'आमचा बांधाच मोठा', 'आमच्या घराण्यातच पोट आहे', 'हे गॅसचं आहे' अशी तीन घराणी आहेत. गोऱ्यांच्या हिशेबात बीएमआय तीसला गेला की लठ्ठपणा. आपल्यासाठी ही रेघ पंचवीसवर ओढलेली आहे, आणि तेवीसपासूनच डॉक्टर भुवई उंचावतात. हा अन्याय वाटेल, पण त्यामागे पुण्याचा हात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वर वर बारीक दिसणारा भारतीय आतून किती चरबी बाळगून असतो, हे सांगायला याहून सोपं चित्र नाही. जगभर वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात स्वतःची चरबी स्वतःहून जाहीर करणारा दुसरा पुणेकर माझ्या पाहण्यात नाही. आम्ही वजनकाट्यावर चढण्याआधी खिशातला मोबाइल, चाव्या आणि पाकीट काढून ठेवतो. काही जण श्वाससुद्धा सोडून चढतात.

रिपोर्ट घरी आला की पहिली गदा तुपावर येते. फॅटी म्हणजे फॅट, फॅट म्हणजे तूप, इतका सरळ न्याय. वरणभातावरची धार बंद होते, डबा वरच्या फळीवर जातो. २००५ साली अमेरिकेत झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात लिव्हरमधली चरबी येते कुठून याचा माग काढला होता. ५९ टक्के अंगावर साठलेल्या चरबीतून वितळून आलेली, २६ टक्के लिव्हरने स्वतःच साखर-पिठापासून बनवलेली, आणि थेट ताटातल्या स्निग्धातून आलेली फक्त १५ टक्के. म्हणजे तूप तुरुंगात आणि दोन चमचे साखरेचा चहा, चारची बाकरवडी, जेवणानंतरचा 'एवढासाच' श्रीखंडाचा चमचा हे खरे आरोपी जामिनावर मोकळे. अर्थात यावरून तुपाचा डबा खाली काढू नये. पण त्याची माफी मागायला हरकत नाही.

आता व्यायाम. स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर भराभर ओढून घेतात. काम थांबल्यावरही एक-दोन दिवस ते इन्शुलिनचं म्हणणं जरा नीट ऐकतात, त्यामुळे जादा साखर लिव्हरच्या गळ्यात पडत नाही. मग हळूहळू कान बंद होतात आणि मागचे दिवस पुढे चालू. सगळी मेख या एक-दोन दिवसांत आहे. व्यायामाचा रतीब लावावा लागतो. आठवड्याचं सात लिटर दूध रविवारी एकदम आणून ठेवलं तर शनिवारी त्याचं काय झालेलं असेल हे सांगायला हेपॅटॉलॉजिस्ट लागत नाही.

आणि नेमकं इथेच आपलं अडतं, कारण आपल्याकडे व्यायाम साजरा होतो. रथसप्तमीला सामुदायिक सूर्यनमस्कार, एक जानेवारीला जिमची वर्षाची फी, ज्येष्ठात आळंदी ते पुणे एक दिवसाची वारी, श्रावणात पावसाळी ट्रेक. आणि या सगळ्यांचा राजा, रविवारचा सिंहगड.

माझा मेहुणा या राजाचा निष्ठावंत सरदार. वय त्रेचाळीस, बीएमआय एकतीस, ग्रेड टू. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'गड आला'. शनिवारी रात्री अकराला ठरतं की पाचला निघायचं. सकाळी साडेसहाला पहिला माणूस ग्रुपवर डोळे चोळणारं चित्र टाकतो. साडेआठच्या सुमारास मंडळी आतकरवाडीला पोचतात. पार्किंगच्या जागेवरून एक छोटी लढाई होते, मग चढाई. पहिली दहा मिनिटं झपाटा विलक्षण असतो, कारण पुढे नऊवारीतल्या एक आजी चाललेल्या असतात आणि आयटीतल्या चार माणसांना त्यांच्या मागे चालणं बरं दिसत नाही. आजींच्या पायात साधे कापडी बूट, मेहुण्याच्या पायात नऊ हजारांचे. अकराव्या मिनिटाला आजी वळणापलीकडे दिसेनाशा होतात आणि आमचे सरदार लिंबू सरबताच्या पाटीखाली बसकण मारतात. मनगटावरचं घड्याळ नाडीचे ठोके एकशे साठ दाखवतं. त्याचा फोटो निघतो. फोटो बरा येईना म्हणून परत निघतो, तोवर ठोके उतरतात, मग घड्याळासाठी म्हणून चार पावलं पळावं लागतं. पूर्ण गडावर मनापासून केलेला व्यायाम तो हाच असावा असा माझा कयास आहे.

वर पोचल्यावर मात्र कुचराई नाही. पिठलं, भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. आधी कांदाभजी, कारण पिठलं यायला वेळ लागतो. नंतरही कांदाभजी, कारण पिठल्यासोबत उरलेली भाकरी कशाशी खायची? मडक्यातलं दही प्रत्येकी दोन, कारण ते प्रोबायोटिक असतं. उतरताना गुडघ्यांची काळजी घ्यायची असते, म्हणून जीप. जीप घाटरस्त्याने दुसऱ्याच अंगाला उतरवते आणि आपली गाडी आतकरवाडीला आहे, हे सगळ्यांना दर वेळी खाली आल्यावर आठवतं. मग रिक्षा. दुपारी एकला घरी आल्यावर मेहुणा पाय वर करून पडतो आणि वहिनींना हाक मारतो, "अगं, आज जेवायला फार नको. नुसती मसालेभाताची एक वाटी."

सोमवारी मांड्या दुखतात. मंगळवारी जास्त दुखतात. न वापरलेले स्नायू अचानक राबवले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे होतंच. मेहुणा मात्र ही व्यायाम लागू पडल्याची खूण समजतो आणि कळ येईल तेव्हा चेहरा प्रसन्न करतो. बुधवारी विश्रांती, गुरुवारी उपवास, आणि शुक्रवारी काय करायचं, परवा सिंहगड आहेच. या पाच दिवसांत त्याचं लिव्हर पूर्ववत कामाला लागलेलं असतं. त्याला ग्रुपमध्ये कोणी घेतलेलं नाही.

कोरियात दोन लाखांहून जास्त लोकांच्या वार्षिक तपासण्यांवरून २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न साधा होता: निदान दहा मिनिटं तरी दम लागेल असा व्यायाम आठवड्यातून किती वेळा करता? पाच किंवा अधिक वेळा करणाऱ्यांत नव्याने फॅटी लिव्हर होण्याचं प्रमाण कमी दिसलं आणि ज्यांना आधीच होतं त्यांच्यात ते निघून जाण्याचं प्रमाण जास्त. दहा मिनिटं! आपल्याकडे दहा मिनिटांत ट्रॅकपँटची नाडी सापडत नाही.

हे मी मेहुण्याला ऐकवलं. तो तयारीत होता.

"भाऊजी, ते जुनं झालं. वीकेंड वॉरिअर ऐकलंय का? शनिवार-रविवारी केलेला व्यायामसुद्धा तेवढाच चालतो. ब्रिटनमधला अभ्यास आहे."

"दादा, त्यात अजून काही लिहिलं असेल ना?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

लिहिलेलं होतं. एक-दोन दिवसांत व्यायाम उरकणाऱ्यांनाही हृदयविकार आणि आयुर्मान या बाबतींत रोजच्यांच्या तोडीचा फायदा दिसला, हे खरंच आहे. फक्त आठवड्याची दीडशे मिनिटं भरायला हवीत. झालं, त्याची दीडशे मिनिटं मोजायला आम्ही तिघं बसलो. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत सहा तास. त्यातून गाडी वजा, पार्किंग वजा, सरबत वजा, घड्याळाचा फोटो वजा, पिठल्याची वाट बघणं वजा, पिठलं वजा, जीप वजा, रिक्षा वजा. हातात पंचावन्न मिनिटं राहिली. त्यातही कांदाभजीच्या टोपल्यापर्यंत दोनदा जाऊन येणं धरावं असा त्याचा आग्रह होता. बायकोने ते धरू दिलं, भाऊ आहे शेवटी.

खरं सांगायचं तर डॉक्टरांची मागणी अवाजवी नाही. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीने. चाला, पोहा, सायकल चालवा, वजनं उचला. लिव्हर या बाबतीत पंक्तिभेद करत नाही. आपण मात्र चालावं की पळावं, अनवाणी की बुटात, उपाशीपोटी की चहा घेऊन, यावर परिसंवाद घेतो. टेकडीवर मी अनेकदा बघतो, दोन गृहस्थ चालण्याचे फायदे एकमेकांना पटवून देण्यासाठी उभे राहिलेले असतात. अर्ध्या तासाने बघावं तर तिथेच.

त्यात एक बातमी तर कानावर विश्वास बसू नये इतकी चांगली आहे. नियमित व्यायाम करणाऱ्याचं वजन तसूभर उतरलं नाही तरी लिव्हरमधली चरबी कमी होते. फार नाही, पण मोजता येईल इतकी. वजन उतरलं तर उत्तमच: पाच टक्क्यांनी उतरलं की चरबी हलते, सात ते दहा टक्क्यांत लिव्हरची सूज ओसरू लागते, आणि दहाच्या वर गेलं तर आत पडलेले व्रणसुद्धा मागे सरकू शकतात. नव्वद किलोच्या माणसाला सात ते दहा टक्के म्हणजे साधारण सहा ते नऊ किलो पडतात. अडचण इतकीच की व्यायाम करणारा दुसऱ्याच आठवड्यात काट्यावर उभा राहतो, आकडा तोच बघतो आणि सासुरवाडीला फोन लावावा तशा चेहऱ्याने जिमला फोन लावून फी परत मिळेल का विचारतो. लिव्हरला आकडा दाखवायची सोय नाही, हीच त्याची मोठी चूक.

व्यायामाला पर्याय म्हणून आपल्याकडे उपवास नेहमीच तयार असतो. २०१८च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरात दोन तट पडले होते. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण आटपा. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: दर दोन तासांनी थोडं थोडं खा. आमच्या घराने समन्वयाची भूमिका घेतली. दीक्षितांप्रमाणे पंचावन्न मिनिटं बसून जेवलो, आणि दिवेकरांप्रमाणे दर दोन तासांनी. दीक्षित पंचेचाळीस मिनिटं चालायलाही सांगतात, हा भाग मात्र घरात कोणालाच ऐकू आला नव्हता.

शिकागोत २०२३ साली याचा रीतसर प्रयोग झाला. लठ्ठपणा आणि फॅटी लिव्हर दोन्ही असलेली ८० माणसं, तीन महिने. काहींना एक दिवसाआड उपवास, काहींना आठवड्यातून पाच दिवस तासभर व्यायाम, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दोन्ही करणाऱ्यांच्या लिव्हरमधली चरबी सुमारे साडेपाच टक्क्यांनी उतरली, नुसता व्यायाम करणाऱ्यांची सव्वा टक्क्याच्या आसपास, नुसता उपवास करणारे मधे. 'बघा, उपवास!' असं म्हणून आमच्या आत्या उठल्याच. पण त्या उपवासाच्या दिवशी मिळून ६०० कॅलरी होत्या, त्याही संध्याकाळी एकदाच. साबुदाण्याच्या खिचडीची एक सढळ बशी, वर दाण्याचं कूट, शेजारी दही आणि बटाट्याचा पापड, की सहाशे संपले. आणि आपली एकादशी तर अजून सुरूसुद्धा झालेली नसते. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू यांचे नंबर यायचेत. एकादशी अन् दुप्पट खाशी असं पूर्वजांनी उगीच म्हटलेलं नाही. शिकागोच्या पथकाने आमच्या आत्यांचा एक चातुर्मास अभ्यासावा. लिव्हरमध्ये चरबी भरते कशी यावर त्यांना एकाच घरात सगळी सामग्री मिळेल.

पूर्वजांनी एक गोष्ट मात्र नेमकी पकडली होती: शतपावली. रोज, न चुकता, जेवण झाल्याझाल्या. नेमाच्या बाबतीत कोरियन अभ्यासाने मान खाली घालावी. जेवणानंतर थोडं चाललं तर रक्तातली साखर कमी उसळते, हेही आता मोजून झालंय. घोळ फक्त आकड्याचा. शंभर पावलं म्हणजे जेमतेम सत्तर-ऐंशी मीटर, दिवाणखाना ते बाल्कनी सात-आठ खेपा. आमचे आजोबा मोठ्याने मोजत आणि ब्याण्णवला कोणी हाक मारली तर परत पहिल्यापासून सुरू करत. शंभराला पाऊल पडलं की जिथे असतील तिथून खुर्चीकडे वळत, एकशे एकावं पाऊल खुर्चीकडे जाताना पडतं याचंही त्यांना वाईट वाटे. त्या काळी हे पुरत होतं, कारण उरलेली दहा हजार पावलं ते दिवसभरात नकळत टाकत. विहीर, शेत, शाळा, बाजार. आता दोनशे मीटरवर दूध आणायला स्कूटर निघते, पहिल्या मजल्यासाठी लिफ्ट थांबते, आणि चिकाटीने टिकून राहिली ती एवढी शंभर पावलं.

जूनच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक फॅटी लिव्हर दिन असतो. यंदा तो सोसायटीत पाळायचा असं कमिटीत ठरलं. वॉकेथॉन. गुरुवारी सगळे ऑफिसला, म्हणून रविवारी. जूनमधला पाऊस धरून अंतर पाच किलोमीटरवरून दोनवर, मग सोसायटीला तीन फेऱ्यांवर आलं. टी-शर्टच्या रंगावर एक बैठक गेली, साइजवर दुसरी. एक्सएल कमी पडतील हे उघड असूनही एक्सएल हवा असं कोणी तोंडाने म्हणेना. नाश्त्याला इडली-सांबार, वडा-सांबार आणि ज्यांचा उपवास निघेल त्यांच्यासाठी साबुदाणा वडा. आता एकच मुद्दा लटकलाय. जे चालायला येणार नाहीत, पण वर्गणी भरलेली आहे, त्यांना नाश्त्याचं कुपन घरपोच द्यायचं का? समोरचे काका म्हणतात द्यायलाच हवं, उपविधीत तशी तरतूद आहे. मेहुणा आमच्या सोसायटीत राहत नाही, तरी त्याने पाहुणा म्हणून नाव नोंदवलंय आणि फेऱ्या नेमक्या किती वाजता संपणार, हे त्याने आजवर दोनदा विचारलंय.